मंजूर भांडी

स्टोकमध्ये कुणाकडे चहाला गेलं
की माणसं आधी बशी उलटी करतात,
तळाचा शिक्का वाचतात, मग बिस्किटाला हात लावतात.
मला इथे येऊन अकरा वर्षं झाली.
आता मीही करतो.

रात्री मी दुसऱ्याच एका गावाचा कोतवाल असतो.
त्या गावाला वेस आहे, रस्ता नाही,
बाराशे उंबरे आणि एकही दार नाही.
जुने आवाज वाटून घेतो आम्ही:
बंद पडलेली रेडिओ केंद्रं, खाणीतल्या बँडचा सराव,
कुणाच्या तरी लग्नातलं लांबलेलं भाषण.
जेवढं घ्याल तेवढं परत ओता, एवढाच कायदा.
पण काही प्रोग्रॅम मापात पाप करतात,
थेंब देतात आणि घागर सांगतात.
म्हणून यादी.
सात नावं, नावांपुढे आकडे.
या भांड्यांनी पाणी भरायचं, इतरांनी नाही.

हे वाक्य मराठीत लिहिताना हात थांबला.
इंग्रजीत थांबला नव्हता.
इथे कुणी तहानेनं मेलं नाही, मान्य.
तरीही.

गंमत अशी, की शिक्का भांडंच सांगतं.
वेशीवर आलेला प्रोग्रॅम स्वतःचं नाव पुटपुटतो,
दोन आडव्या रेघांमध्ये काही अक्षरं,
आणि आम्ही ते खरं धरतो.
लबाडाला दुसऱ्याचं नाव घ्यायला कितीसा वेळ?
सापडतो तो, ज्याला खोटं नाव घ्यायचं सुचत नाही.

जानेवारीत चौथं नाव खोडलं.
तीन आठवड्यांची मुदत, लाल अक्षरांत.
एकाचं उत्तर आलं:
"माझं मशीन नवीन काही उचलत नाही.
जावयाने बसवून दिलं होतं, आता तो आमचा जावई नाही.
मी कधी कुणाचं बुडवलंय का, तेवढं बघा.
क्लिफर्ड ऑलरेनशॉ, लीक."
खरं नाव, खरं गाव. आमच्यात असं कुणी लिहीत नाही.
मी बघितलं.
घेतलं त्याच्या एकतीस पट दिलं होतं.
उत्तरात नियम क्रमांक नऊ चिकटवला, बटण दाबलं,
डबा भरला, पहाटेच्या शिफ्टला गेलो.

गुरुवारी माझंच एक डाउनलोड अडकलं.
१९७४, बर्सलेमचा कारखाना,
कपांना कान चिकटवणाऱ्या बायका
जेवणाच्या सुट्टीत बोलताहेत.
सत्त्याण्णव पूर्णांक तीन टक्के.
कुणी ग्लेनिस फोरमनचा किस्सा रंगवत आणते,
आणि तो दार उघडतो तिथे
शांतता.
बी एकाच घरात होतं.
ते घर मी वेशीबाहेर काढलं होतं.

लीकला हॅन्लीहून बस जाते.
खिशात पेन ड्राइव्ह, कुठल्याच यादीत नसलेला.
त्याने दार उघडलं. कोण, म्हणाला.
बटण दाबणारा, मी म्हणालो.
"बरं. बूट राहू दे पायात, फरशी गार आहे."
मशीन जिन्याखाली, पंख्याला दमा.
कॉपी होईतो त्याने चहा केला.
सवयीनं मी भरलेला कप वर धरून तळ पाहिला,
थोडा बाहीत गेला.
शिक्क्यावरून आरपार ओरखडा.
"सेकंड," तो म्हणाला. "नापास माल, कामगारांना स्वस्तात.
तपासनीस शिक्क्यावरून चाक फिरवायचा.
तपासनीस मीच होतो."
याच्यात खोट काय होती?
"आता नाही आठवत. गळत नाही, एवढं खरं."

घरी येऊन किस्सा शेवटपर्यंत ऐकला.
फोरमन दार उघडतो, काहीतरी म्हणतो,
आणि बायका इतक्या हसतात
की काय म्हणाला ते कळतच नाही.

यादीत सहा नावं आहेत.
बैठक रविवारी. मी अजून काही मांडलेलं नाही.
फाइल माझ्या नावावर चढवली.
रात्रभर लोक ती नेताहेत,
माझं माप वाढतंय.